चावीचे वाटेकरी

लग्नघरात साफसफाई करतात. पंखे पुसतात, माळ्यावरचे टोप उतरवून घासतात, देव्हाऱ्यात नवीन बल्ब लावतात. त्यात चूक काही नाही. पण धाकू भोईराने मुलीच्या हळदीला नऊ दिवस राहिलेले असताना हार्डडिस्का पुसल्या, आणि त्यासुद्धा ओल्या फडक्याने.

धाकूचं म्हणणं, फडकं ओलं नव्हतं, दमट होतं. या एका शब्दासाठी तो आजही माणसाला जिन्यात अर्धा तास उभा धरतो. तर दमट म्हणू आपण. उगाच त्याचं मन कशाला मोडायचं.

पेटी होती चपलांच्या खोक्याएवढी, काळी. बाळकुमच्या त्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या फळीवर बसलेली. आत चार डिस्का उभ्या खोचलेल्या, पुढे हिरवे दिवे. दोन डिस्कांवर माल आणि दोनांवर त्याच मालाची हुबेहूब कॉपी, म्हणजे एक मेली तर दुसरी उभी राहील. माल काय, तर भोईरांच्या जमिनीचे सगळे कागद. सातबारे, फेरफार, आजोबाच्या वेळच्या मिठागराचे नकाशे, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. आणि त्याच पेटीत, कारण धाकूच्या मते दुनियेत त्याहून सेफ जागा नव्हती, त्याच्या बायकोचा आवाज.

बायको तुळसा. धवलारीण होती ती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला, मांडवाला धवले गायला बाई लागते, आणि तिचा मान भटजीपेक्षा कमी नसतो. तुळसाने किती नवऱ्या हळदीला बसवल्या त्याची मोजदाद तिने ठेवली नाही, दुसऱ्याने काय ठेवायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. जायच्या आदल्या वर्षी एका दुपारी धाकूने फोनवर तिचे धवले रेकॉर्ड केलेले. ते पेटीत टाकले आणि फोन एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा झाला. कोणाला पाठवले नाहीत. "माझ्या बायकोचा आवाज काय गुड मॉर्निंगसारखा गावभर फिरवू?" असं विचारायचा.

आणि समृद्धीने, त्याच्या एकुलत्या एक पोरीने, बापाकडे एवढंच मागितलेलं. "पप्पा, हळदीला दुसरी धवलारीण बोलवू नका. आईचाच आवाज लावायचा."

"लावू," धाकू बोललेला. "त्यात काय एवढं."

तर फडकं. धाकूने पेटी उघडली, चारही डिस्का बाहेर ओढल्या, पुसल्या, बाल्कनीत पेपरावर उन्हात ठेवल्या आणि चहा प्यायला. बाजूलाच उडदाचे पापड वाळत होते, त्यांना आणि डिस्कांना त्याने एकदमच उलटं केलं. मग परत खोचल्या. कुठली कुठे होती ते त्याला आठवत नव्हतं, पण चारही दिसायला सारख्या, आणि सारख्या दिसणाऱ्या वस्तूंनी भेदभाव करू नये असं त्याचं मत. पेटी चालू केली. हिरवे दिवे लाल झाले, आणि टीव्हीवर एक लांबलचक रिकामी चौकट आली. खाली लिहिलेलं, चावी भरा.

धाकू भोईर बत्तीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. रस्त्यातल्या व्हॉल्व्हमध्ये लोखंडी चावी घालून गल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं. रिटायर होईपर्यंत नगरसेवकसुद्धा त्याला "धाकूशेठ, आज जरा लवकर" असं मऊ आवाजात बोलायचा. अशा माणसाकडे एक चपलांचा खोका चावी मागतो. हे त्याला जरा लागलंच.

समोरच्या फ्लॅटमधला धोंडिबा आला. कराडकडचा, एसटीत ड्रायव्हर होता. दार उघडं दिसलं की तो आत येतो, आणि आला की सल्ला दिल्याशिवाय जात नाही.

"पाणी गेलंय आत," धोंडिबा बोलला. "तांदळात ठेवा."

"फडकं दमट होतं, धोंडिबा."

"दमटच वाईट. ओलं असतं तर नितळलं असतं."

डिस्का तांदळाच्या डब्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी तिथून निघाल्या, लाल दिवा तसाच. धोंडिबाने कपाळाला हात लावून विचार केला. "इंजिन गरम झालं की आम्ही काय करायचो? थंड होऊ द्यायचो." डिस्का फ्रीजरमध्ये गेल्या, बर्फाचा ट्रे आणि बोंबलांच्या पिशवीच्या मध्ये. तिथूनही निघाल्या. लाल.

मग धाकूने ठरवलं की चावी आपणच ओळखायची. आपलाच खोका, आपलीच चावी, असून असून असणार काय? स्वतःची जन्मतारीख घातली. तुळसाची घातली. स्कूटरचा नंबर, रेशनकार्ड, पगाराचा जुना नंबर, पोरीच्या लग्नाची तारीख, आणि शेवटी वैतागून नुसते शून्य. सात झाल्यावर टीव्हीवर अजून एक ओळ आली आणि धाकूने चष्मा लावला. तीन वेळा शिल्लक, त्यानंतर सगळं पुसलं जाईल.

त्याने रिमोट खाली ठेवला, हळूच, जसा काय रिमोटचाच स्फोट होणार होता. आणि डोंबिवलीला विनीतला फोन लावला.

विनीत म्हणजे पेटी बसवणारा. पन्नाशीचा माणूस, डोंबिवली पूर्वेला जिन्याखाली दुकान, बोलतो हळू आणि शुद्ध. आला, डिस्क हातात घेतली, नाकाशी नेली.

"काका, याला बोंबलाचा वास का येतोय?"

"ते जाऊ दे. हिला काय झालंय ते सांग."

"काही झालेलं नाही. तुम्ही डिस्का काढल्यात आणि अदलाबदल करून लावल्यात. पेटीला वाटलं चोरी झाली. अशा वेळी ती मालकालाही ओळखत नाही. तिला तशीच बनवलेली आहे."

"मंग कॉपी लाव ना. दोन कॉप्या आहेत, त्या कशाला ठेवल्यात?"

"कॉपीलाही तेच कुलूप आहे."

"कॉपीला कुलूप कशाला?"

"चोर कॉपीच घेऊन गेला तर?"

धाकूने यावर बराच विचार केला. माणूस चुकीचा बोलत नव्हता, त्याचाच जास्त राग येत होता.

"अठ्ठेचाळीस आकडे लागतील काका," विनीत बोलला. "त्या दिवशी तुम्ही तिघांनी वाटून घेतलेत ना?"

आता हे वाटून घेतलं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल लोकं येडी आहेत.

भाऊ तीन. थोरला धाकू, मधला काळुराम, तो याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर, आणि धाकटा साईनाथ, तो टिटवाळ्याला. पेटी बसवली त्या दिवशी तिघेही हजर होते. विनीतने सांगितलं, ही चावी, सहा-सहा आकड्यांचे आठ तुकडे, एका कागदावर लिहून जपून ठेवा, कागद गेला तर देव पण उघडू शकणार नाही. तिघांनी फक्त एवढंच ऐकलं की कागद एक आहे. जमिनीचे सगळे कागद ज्याच्यात, त्याची चावी एका भावाकडे? हा रात्रीतून पेटी उघडेल, नकाशा बदलेल, बिल्डरला देईल, कोणी सांगावं. तोंडाने कोण काय बोललं नाही. पण चहा कोणी पिईना.

मग जे भोईरांच्या घरात शंभर वर्षं चालत आलंय तेच केलं. वाटणी. आठ तुकडे, भाऊ तीन. आठाला तिनाने भाग जात नाही, यावरून दुपार गेली. शेवटी धाकूने छातीवर हात ठेवून जाहीर केलं की मी थोरला, मी दोनच घेतो, तुम्ही तीन-तीन घ्या. मात्र पहिला आणि शेवटचा माझा. विनीतने एकेकाला स्वयंपाकघरात नेऊन त्याचे तुकडे कानात सांगितले, ज्याने त्याने आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहिले, आणि मूळ कागद सगळ्यांच्या देखत गॅसवर जाळला. विनीत जाळताना सारखा "पण माझं ऐका" असं म्हणत होता. त्याचं कोणी ऐकलं नाही.

बहीण रंगूबाई पण होती त्या दिवशी. कल्याणला दिलेली. तिने सगळ्यांना चहा केला. तिला आकडे देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिने तहसील कचेरीत हक्कसोड केलेली, साडी-चोळी घेऊन. सही केली म्हणजे जमिनीतून नाव गेलं. नाव गेलं त्याला आकडा कशाला?

आणि निघताना धाकूने जिन्यात उभं राहून दोघा भावांना भाषण दिलेलं. "आपन मेलो तरी चालंल, चिठ्ठी जाता कामा नये."

इतकं सगळं झाल्यावर आता धाकूची अडचण काय होती, ते मी सांगतो. चिठ्ठी त्याचीच सापडत नव्हती.

त्याने ती त्याच दिवशी तुळसाकडे दिलेली. ठेव म्हणून. घरातलं सगळं तीच ठेवायची. लायसन, चष्म्याचा नंबर, याचा रागसुद्धा तीच सांभाळून ठेवायची आणि योग्य वेळी बाहेर काढायची. समृद्धीने तिची कपाटं काढली. साड्यांच्या घड्या, देव्हाऱ्यातल्या तसबिरींच्या पाठी, डाळीचे डबे, लुगड्याचं गाठोडं. एका बटव्यात समृद्धीचा पहिला दुधाचा दात मिळाला, तो बघून बापलेक दोघं जमिनीवरच बसले थोडा वेळ. चिठ्ठी नाही.

"काकांना सांगून टाका ना," समृद्धी बोलली.

"आधी त्यांचे आकडे काढतो. मग सांगतो."

"पप्पा, तुमच्याशिवाय त्यांचे आकडे घेऊन काय करणार?"

"ते मोठ्यांचं असतं," धाकू बोलला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

दोन मजले चढून काळुरामकडे गेला. काळुरामने दार उघडलं, पण अर्धंच. आठवडा झालेला, तो बोलत नव्हता. कारण लग्नाची पत्रिका. तिच्यात आमंत्रण देणाऱ्यांच्या यादीत साईनाथचं नाव वर आणि काळुरामचं खाली छापलेलं. छापणाऱ्याची चूक, पण पत्रिका छापणाऱ्याच्या नावाने जात नाही.

"मी धाकटा झालू काय?" काळुराम दारातूनच बोलला. "तो टिटवाल्याचा माझ्या डोक्यावर?"

"अरे चूक झाली. मना तुझे आकडे पायजे."

"वरच्या नावाकडून घे."

चारशे पत्रिका परत छापल्या. छापखान्यातून अजून ओली असलेली पहिली पत्रिका धाकूने स्वतः वर नेली. काळुरामने बोट लावून लावून वाचली, बायकोला वाचायला दिली, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितली. मग खुशीत आला आणि कपाटातून चिठ्ठी काढता काढता फडक्यात बांधलेली एक वस्तू पण काढली. डिस्क.

"दादूस, रागवू नको. मी एक कॉपी काढून ठेवलेली. मागच्या गनपतीत, तू गावात गेलेलास तेव्हा. म्हटलं, भरोसा हाय आपला, पन असू दे."

धाकूला राग यायला पाहिजे होता, पण आनंदच झाला. डिस्क पोटाशी धरून खाली आला, विनीतला बोलवून लावायला लावली. टीव्हीवर तीच चौकट. चावी भरा.

"ही कुलपासकट कॉपी झालीय," विनीत बोलला. बोलताना त्याने डोळे मिटलेले.

मग टिटवाळा. साईनाथने चिठ्ठी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली. धाकू सकाळी पोचला, बारापर्यंत बाकड्यावर बसला. तेव्हा बँकेतल्या बाईंनी सांगितलं की लॉकरचा नवीन करारनामा झाल्याशिवाय लॉकर उघडता येणार नाही, त्याला स्टॅम्पपेपर लागेल, आणि लॉकर दोघांच्या नावावर आहे म्हणून साईनाथची बायको कलावती पण सहीला पाहिजे. स्टॅम्पपेपर आणायला धाकू कल्याणला गेला. कलावतीला आणायला साईनाथ घरी गेला. कलावती यायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, पहिल्या पत्रिकेत आमचं नाव वर होतं, ती बदलली ना? मग आता सहीला माझी आठवण झाली?

धाकूने भावजयीसमोर हात जोडले. थोरल्या दिराने. साठ ओलांडलेल्या माणसाने, स्टॅम्पपेपर काखेत धरून. ही गोष्ट त्याने नंतर कोणाला सांगितली नाही, पण कलावतीने सांगितली, सगळ्यांना.

लॉकर उघडला तिसऱ्या दिवशी. चिठ्ठी निघाली. आणि चिठ्ठीखालून, पिशवीत गुंडाळलेली, अजून एक डिस्क निघाली. साईनाथ जमिनीकडे बघत राहिला.

"भरोसा हाय तुझा माझ्यावर," धाकू बोलला, "पन असू दे. बरोबर?"

"तुला कसा समजला?"

हळदीला दोन दिवस राहिले. घरात आता पेटी एक, बाहेरच्या डिस्का दोन, सगळं मिळून कागदांच्या चार प्रती, आणि एक पण उघडत नव्हती. दोघे भाऊ चिठ्ठ्या घेऊन हॉलमध्ये बसले, विनीत टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसला. सगळे धाकूकडे बघायला लागले.

धाकू उठला. पंख्याचं बटन बंद केलं, परत चालू केलं. पाणी प्यायला. मग भिंतीकडे तोंड करून बोलला, "माझी सापडत नाय."

काळुरामने साईनाथकडे बघितलं.

"आपन मेलो तरी चालंल," काळुराम सावकाश बोलला.

"चिठ्ठी जाता कामा नये," साईनाथने पुरं केलं. "जिन्यात बोललेलास. मी दोन पायऱ्या खाली होतू."

माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात जेव्हा त्याचं स्वतःचं वाक्य त्याला पाठ करून ऐकवतात, आणि ऐकवणारे सख्खे असतात. धाकू खाली बसला. राग नाही, काही नाही. फक्त समृद्धीकडे बघून बोलला, "पोरी, मी तुझ्या आयसला कोंडली गं. माझ्या हातानं कोंडली."



रंगूबाई तेव्हा स्वयंपाकघरात होती. आठ दिवसांत ती हळद कुटायला, पापड लाटायला, तांदूळ निवडायला अशी चार वेळा येऊन गेलेली. तांदळात डिस्का तिलाच मिळालेल्या. प्रत्येक वेळी तिने विचारलं, "काय शोधतांव रं?" आणि प्रत्येक वेळी कोणीतरी बोललं, "तुझं काम नाय बाय, कंपूटरचं हाय." आता तिने दारात उभं राहून समृद्धीला विचारलं. आणि समृद्धीने, पहिल्यांदाच, सगळं सांगितलं.

"तो आकड्यांचा कागूद?" रंगूबाई बोलली. "तो माझ्याजवल हाय."

तिघे भाऊ उठून उभे राहिले. का उठले ते त्यांना पण कळलं नाही.

"तुझ्याकडं?" धाकू बोलला. "तुझ्याकडं कसा?"

"वहिनीनं दिला. त्याच सांजंला, मी घरी जायला निंघालू तवा. बोलली, वन्स, ह्यांच्याकडं राहाचा नाय, आन् माझा काय भरोसा नाय, तुमच्याजवल असू द्या."

"मंग इतके दिवस बोलली का नाय?"

"मना कोनी इचारला?"



रंगूबाई कल्याणला जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आली. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत दोनच कागद, एक हक्कसोडपत्राची झेरॉक्स आणि एक चिठ्ठी, धाकूच्या अक्षरातली. "माहेरचं माझ्याजवल एवढंच," बोलली, आणि झेरॉक्स परत पिशवीत घातली. धाकूने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. तिने दिली नाही.

"मी घालते."

"बाय, चुकलं तर सगलं जाईल. तीनदाच हाय."

"सातदा तू चुकलास, मी बोललू काय?"

विनीत खुर्चीवरून उठला आणि तिला बसवलं. रंगूबाई चौथी शिकलेली. एका बोटाने, एकेक आकडा मोठ्याने बोलून, पहिला तुकडा घातला. मग काळुरामचे तीन, साईनाथचे तीन, शेवटी परत धाकूचा. अठ्ठेचाळीस आकडे घालायला तिला अकरा मिनिटं लागली. धोंडिबा तोपर्यंत दारातून आत आलेला, पण जन्मात पहिल्यांदा त्याने सल्ला दिला नाही.

चावी चुकीची. दोन वेळा शिल्लक.

समृद्धीने तोंडावर हात ठेवला. विनीतने चिठ्ठ्या परत परत ताडून पाहिल्या, आकडे बरोबर घातलेले. रंगूबाई खुर्चीतच वळली आणि भावांकडे बघितलं. लहानपणी करवंदं कोणी खाल्ली ते विचारायला ती असंच बघायची.

काळुराम खाकरला. "माझ्या दुसऱ्या तुकड्यात शेवटी चार हाय ना? तो चार नाय. नऊ हाय."

"काय?"

"चिठ्ठी कोनाच्या हातात पडली तर? म्हनून एक आकडा बदलून लिवलेला. खरा डोक्यात ठेवलेला."

"अरे मग बोलायचं ना!"

"इसारलू. पत्रिकेच्या टेन्शनमध्ये."

परत अकरा मिनिटं. परत चुकीची. एक वेळ शिल्लक.

आता कोणाकडे बघायची गरज नव्हती. साईनाथ आधीच रडवेला झालेला. "दोन आकडे," बोलला, "उलटे लिवलेत. पहिल्या तुकड्यातले मधले. मना वाटला मी एकटाच हुशार."

आई एकवीरेची शपथ घेतली सगळ्यांनी, देव्हाऱ्यासमोर, एकेक करून. विनीतने पण घेतली, त्याचा काही संबंध नसताना. धाकूला घ्यायला लावली तेव्हा तो बोलला, "मी कायसुद्धा बदललं नाय. माझ्या डोक्यात आलंच नाय." बोलताना त्याला आपल्या इमानदारीचा अभिमान वाटला की अकलेची लाज वाटली, ते त्याचं त्यालाच ठरवता आलं नाही.

तिसऱ्या वेळी रंगूबाईने पदराने बोट पुसून घेतलं. घातले आकडे. शेवटच्या आकड्यावर थांबली, डोळे मिटले, दाबलं.

लाल दिवे एकेक करून हिरवे झाले. चारही.

काळुराम "कागद आहेत का बघ, कागद" असं बोलायला लागला. रंगूबाई बोलली, "कागूद मंग. आधी वहिनीला लाव."

विनीतने फाईल लावली. आधी भांड्यांचा आवाज. मग तुळसाचा आवाज आला, असा जवळून, की समृद्धी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली.

"एकटीनं कसं गाऊ? वन्सना बोलवा ना. आज कल्याणाहून येतील तर दोघी बसू."

"तिची काय गरज?" हा धाकू. "तू गा."

हॉलमध्ये बसलेल्या धाकूने मान खाली घातली. त्याला आठवलं. हक्कसोडीच्या वेळी रंगूबाई दोन शब्द जास्त बोललेली, ते धरून तो कितीतरी वर्षं जेवढ्यास तेवढंच बोलायचा तिच्याशी.

मग तुळसा गायली.

*पयली हलद कोना लावू गो, कोना लावू*

आणि थांबली. काहीच नाही. नुसता पंख्याचा घरघराट, चार श्वास होतील एवढा वेळ. मग पेटीतला धाकू ओरडला, "अगं थांबतेस कशाला, मेमरी जाते!" आणि तिने दुसरी ओळ घेतली, *दुसरी हलद कोना लावू गो, कोना लावू*, आणि परत थांबली.

"बिघडलंय," काळुराम बोलला. "तुकडे गेलेत मधले. फ्रीजरमध्ये ठेवल्यामुलं."

"नाय बिघडला," रंगूबाई बोलली. "धवला दोघींचा असतो. एकीनं इचारायचा, दुसरीनं सांगायचा. ती थांबलीय, माझी ओल हाय ती."

विनीतने कोणी न सांगता फाईल पहिल्यापासून लावली. तुळसाने विचारलं. आणि रंगूबाईने, खुर्चीत बसल्या बसल्या, हातातली चिठ्ठी तशीच धरून, सांगितलं.

*पयली हलद घरच्या देवाला गो, देवाला*

ओळ संपली, पेटीतला धाकू मेमरीसाठी ओरडला, आणि तिकडून तुळसाने दुसरा प्रश्न घेतला, एक श्वास इकडे नाही की तिकडे नाही. तीन वर्षांपूर्वी तिने बरोबर तेवढीच जागा सोडलेली.

हळदीला मांडवात स्पीकर एका खुर्चीवर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीवर रंगूबाई बसली. समृद्धी पाटावर, हातात सुपारी. चारशे पत्रिकांची माणसं जमलेली. त्या सगळ्या माणसांनी "तिची काय गरज" ऐकलं, "मेमरी जाते" पण ऐकलं. समृद्धीने ते कापायला सांगितलेलं, विनीत तयार होता, धाकूच नको बोलला. असू दे, बोलला, मी बोललेलो ना.

साऊंडवाल्याला मात्र काही माहीत नव्हतं. तुळसाने पहिली ओळ विचारली, आवाज थांबला, रंगूबाईला सूर धरायला वेळ लागला. साऊंडवाल्याला वाटलं फाईल अडकली. त्याने पुढे ढकलायला बोट उचललं.

धाकूने त्याचं मनगट धरलं. बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह पिळलेला हात तो.

"नको ढकलू," बोलला. "तिला जेवढं थांबायचं तेवढं थांबू दे."